डायमिथाइल सल्फाइड

डायमिथाइल सल्फाइड (डीएमएस) हे गंधकयुक्त सेंद्रिय संयुग आहे. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३७° सेल्सियस असल्याने ते समुद्राच्या पृष्ठभागावरून सहज हवेत मिसळते. समुद्राच्या परिचित वासात त्याचा मोठा वाटा असतो. वनस्पतिप्लवकांमुळे निर्माण होणारे हे संयुग सागरी अन्नसाखळी आणि वातावरण या दोहोंच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते.

शोध

१९३५ मध्ये पॉलिसायफोनिया या लाल शैवलातून डीएमएस बाहेर पडत असल्याचे आढळले. ज्या पदार्थापासून ते तयार होते, तो डायमिथाइलसल्फोनिओप्रोपिओनेट (डीएमएसपी) चॅलेंजर व सिम्पसन यांनी १९४८ मध्ये ओळखला. नद्यांवाटे समुद्रात गेलेले गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने हवेतून जमिनीवर परतते, असा पूर्वी समज होता. हे कार्य डीएमएस करत असावे, असे जेम्स लव्हलॉक व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडले.

निर्मिती

एमिलियानिया हक्सलेयी व फिओसिस्टिस हे प्लवक, तसेच अनेक डायनोफ्लॅजेलेट, आपल्या पेशींत डीएमएसपी साठवतात. खाऱ्या पाण्यात पेशीचा तर्षण दाब राखणे, थंडीपासून व ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करणे ही त्याची संभाव्य कार्ये होत. प्राणिप्लवकांनी पेशी खाल्ल्यास, विषाणूंनी ती फोडल्यास किंवा ती मृत झाल्यास डीएमएसपी बाहेर पडते. शैवलांतील व जीवाणूंतील विकरांमुळे (एंझाइमांमुळे) त्याचे विघटन होऊन डीएमएस तयार होते. त्यातील बराचसा भाग जीवाणू वापरतात किंवा सूर्यप्रकाशाने नष्ट होतो. थोडाच भाग हवेत पोहोचतो.

परिसंस्थेतील भूमिका

डीएमएसपीच्या विघटनातून ॲक्रिलेटही निर्माण होते. भक्षक प्राणिप्लवकांपासून बचाव करण्यास ही प्रक्रिया उपयोगी पडत असावी, असे १९९७ मधील एका अभ्यासात सुचवले गेले. मात्र पेशी फुटताना दरवळणारा हाच वास मोठ्या प्राण्यांना अन्नाची खूण पटवतो. जेथे प्राणिप्लवक चरत असतात, तेथे डीएमएस वाढते. अंटार्क्टिकाजवळील समुद्रात पेट्रेल कुळातील काही पक्षी या वासाकडे आकर्षित होतात, हे गॅब्रिएल नेव्हिट व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले.

हवामानाशी संबंध

हवेत डीएमएसचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. त्यांच्याभोवती बाष्पाचे सांद्रीभवन होऊन ढगांचे थेंब तयार होऊ शकतात. समुद्र तापल्यास प्लवक अधिक डीएमएस सोडतील, ढग अधिक उजळ होतील आणि सूर्यप्रकाश परावर्तित होऊन तापमान आटोक्यात राहील, असे गृहीतक चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेए व वॉरन यांनी १९८७ मध्ये मांडले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ते 'क्लॉ गृहीतक' म्हणून ओळखले जाते. २०११ मध्ये क्विन व बेट्स यांनी त्यास आव्हान दिले. सागरी ढगांच्या केंद्रकांचे इतरही स्रोत, उदाहरणार्थ समुद्री मिठाचे तुषार, असल्यामुळे इतके साधे नियंत्रण संभवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कणनिर्मितीतील डीएमएसचा सहभाग मात्र मान्य आहे.

प्लॅस्टिक प्रदूषण

समुद्रात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकवर शैवले वाढतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ काही आठवडे ठेवलेल्या प्लॅस्टिकमधून डीएमएस बाहेर पडत असल्याचे २०१६ मध्ये आढळले. या वासामागे जाणारे पक्षी प्लॅस्टिक अधिक वेळा गिळतात, असा निष्कर्षही त्या अभ्यासात काढण्यात आला. त्याच्या विश्लेषणावर नंतर आक्षेप घेण्यात आले. तो निष्कर्ष खरा ठरल्यास, अन्नाकडे नेणारा पक्ष्यांचा जुना संकेतच त्यांना घातक ठरत आहे, असा त्याचा अर्थ होतो.