एका विरामाची कथा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील घरोघर रात्री रेडिओभोवती माणसे गोळा होत आणि लंडनहून एक खोल, संयमी आवाज येई. त्याचे पहिले वाक्य अवघ्या तीन शब्दांचे असे: ‘हे लंडन आहे’ एवढाच त्याचा अर्थ. परंतु पहिल्या शब्दावर किंचित जोर पडे, मग क्षणभर शांतता, आणि त्यानंतर उरलेले दोन शब्द. त्या क्षणभराच्या शांततेत श्रोत्याच्या मनात एकच शंका येई, की लंडन आज उभे आहे ना? हा आवाज एडवर्ड मरो यांचा. पण तो विराम त्यांना सुचलेला नव्हता. तो सुचविला होता पुलमन या दूरच्या गावातील एका अपंग शिक्षिकेने, आणि त्याची हकीकत युद्धाच्या बरीच आधी सुरू होते.

मरोचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव एग्बर्ट रॉस्को. पुढे हे कुटुंब खंड ओलांडून वॉशिंग्टन राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळच्या ब्लँचर्ड नावाच्या खेड्यात आले. वडील लाकूड वाहणाऱ्या आगगाडीचे इंजिन चालवीत. घरी रोज बायबलचे वाचन चाले आणि आईच्या बोलण्यात जुन्या वळणाची वाक्यरचना असे. क्रियापद कोठे टाकावे, कोणता शब्द आधी घ्यावा, याचे पहिले संस्कार मुलाच्या कानावर तेथेच झाले. एडिसन येथील शाळेत तो वादविवादात उतरला, गाण्याच्या चमूत गेला, नाटकात उभा राहिला. सुटीत मात्र लाकूडतोड्यांच्या तळावर राबावे लागे. ‘एग्बर्ट’ हे नाव त्या राकट मंडळींत चालण्याजोगे नव्हते. ते त्याने पुढे टाकून दिले, यात नवल नाही!

१९२६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो पुलमन येथील वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात दाखल झाला. व्यापारशास्त्र शिकावे असा त्याचा बेत होता, पण तो फार काळ टिकला नाही. वक्तृत्व शिकविणाऱ्या आयडा लू अँडरसन या त्याला तेथे भेटल्या. त्या वयाने त्याच्याहून सात-आठ वर्षांनीच मोठ्या होत्या. बालपणीच्या पक्षाघाताने त्यांचा कणा वाकलेला होता, देह ठेंगणा राहिला होता. पण वर्गात त्या वाचू लागल्या की देहाकडे कोणाचे लक्ष जात नसे. मरोने विषय बदलला. वर्गाव्यतिरिक्त तो त्यांच्याकडे स्वतंत्र धडे घेऊ लागला, कॉलेजच्या नाटकांतून त्याने मोठ्या भूमिका केल्या, आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसची चिंतने तो त्यांच्यामुळेच वाचू लागला. या कॉलेजाचे स्वतःचे रेडिओकेंद्र १९२२ पासून चालू होते. तेथे रेडिओचा जो अभ्यासक्रम होता तो अमेरिकेतील अगदी आरंभीच्या अभ्यासक्रमांपैकी एक. आपल्याकडे मुंबईचे केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले, तेव्हा हा विद्यार्थी एकोणीस वर्षांचा होता.

नट आणि वार्ताहर यांचे हे नाते अनेकांना खटकेल. अभिनय म्हणजे नसलेले भासविणे आणि वार्ता म्हणजे असलेले सांगणे. मग रंगभूमीवर घडलेल्या आवाजावर विश्वास कसा ठेवावा? अँडरसनबाईंनी त्याला काय शिकविले, ते पाहिले म्हणजे ही शंका बरीच सैल होते. शब्द फेकण्यापेक्षा तो राखून ठेवणे, भावना दाखविण्यापेक्षा ती आवरणे, असे ते शिक्षण होते. ज्याला आवाज चढविता येतो त्यालाच तो न चढविण्याचे मोल कळते.

१९३० मध्ये पदवी घेऊन मरो न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ मध्ये सीबीएस या कंपनीत भाषणविभागाचे प्रमुख झाले. काम होते दुसऱ्यांना बोलावण्याचे. स्वतः बोलण्याचे नव्हे. १९३७ मध्ये ते लंडनला गेले तेही याच कामासाठी. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा मरो यांनी बर्लिनहून सत्तावीस आसनांचे विमान एकट्यासाठी भाड्याने घेतले, व्हिएन्ना गाठले आणि १३ मार्चच्या रात्री ते स्वतःच ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. वय एकोणतीस.

लंडनवर बाँब पडू लागले त्या सुमारास, २४ ऑगस्ट १९४० च्या रात्री, मरो ट्रॅफल्गार चौकात उभे होते. भोंगे वाजत होते. त्यांनी ध्वनिक्षेपक खाली फरसबंदीजवळ नेला आणि निवाऱ्याकडे जाणाऱ्या माणसांची पावले अमेरिकेला ऐकविली. ती पावले धावत नव्हती. वर्णनाचे रकाने भरूनही जे साधले नसते, ते तेवढ्या आवाजाने साधले. रंगभूमीवर केव्हा बोलू नये हे शिकलेल्या माणसालाच असे सुचावे. अँडरसनबाई प्रकृती ढासळल्यामुळे शिकविणे सोडून घरी होत्या आणि आपल्या शिष्याची वार्तापत्रे ऐकत होत्या. आरंभीच्या वाक्यातील तो विराम त्यांनी सुचविला तो याच काळात. सप्टेंबर १९४१ मध्ये त्या निवर्तल्या.

पुढे दूरचित्रवाणी आली. नामवंतांच्या घरी डोकावणारा एक हलकाफुलका कार्यक्रमही मरो यांनी १९५३ पासून काही वर्षे चालविला. त्यात नटाचा अंश जरा अधिकच होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण ९ मार्च १९५४ चा अर्धा तास निराळा होता. सिनेटर मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली देशभर दहशत पसरविली होती. मरो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी त्या कार्यक्रमात बव्हंशी मॅकार्थींचीच चित्रे आणि मॅकार्थींचेच शब्द एकापुढे एक मांडले. त्याच वर्षी डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला. त्या रात्रीच्या समारोपाला मरो यांनी कॅमेऱ्याकडे सरळ पाहत जे भाषण केले, त्यातील शब्दन् शब्द आधी लिहून काढलेला होता, आणि एकाही शब्दावर त्यांचा आवाज चढला नाही.