कंपवातातील व्यायामोपचार
जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात मेंदूतील डोपामीन घटते. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, तोल जातो. औषधांनी ताठरपणा कमी होतो, तोल मात्र फारसा सावरत नाही. म्हणून व्यायाम हा जोडउपाय नव्हे, उपचारच मानावा. दारातून जाताना किंवा वळताना रुग्णाचे पाय जमिनीला खिळतात. फरशीवर आडव्या पट्ट्या आखल्या किंवा लयीत ठोके ऐकवले, की बहुधा तोच रुग्ण एकेक पट्टी ओलांडत पुढे निघतो. एरवी आपोआप होणारे चालणे तेव्हा लक्षपूर्वक केले जाते. लांब पावले टाकणे, हात झुलवणे, खुर्चीतून उठणे यांचाही सराव देतात. ताई-ची या संथ चिनी व्यायामप्रकाराने तोल सुधारल्याचे अमेरिकेतील २०१२ च्या चाचणीत दिसले. लेव्होडोपा या औषधाचा प्रभाव असतानाच व्यायाम करावा. व्यायाम थांबवल्यास लाभ ओसरतो.