कास्तकाराची तक्रार आणि पेपरातलं पूर्ण पान

ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं अशांसाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना घसरलेले शब्द तेवढे नीट केलेत, बाकी जसं बोललो तसंच.

विषय साधा आहे. पैसे देऊन वस्तू घेणारा म्हणतो, "माल चांगला नाही." मग विकणारा काय करतो? तुम्ही मोबाईलवर वाढलेली पोरं, तुम्ही लगेच म्हणाल, कमेंट उडवतो. बरोबर आहे. पण आपल्या वऱ्हाडात याची एक जुनी आणि जरा मोठी गोष्ट आहे. तिच्यात कमेंट नाही, कापूस आहे.

सुरुवात इंग्लंडमधून करू. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानची रुई लागायला लागली. वऱ्हाडची रुई मुंबईच्या बंदरातून लिव्हरपूलला जायची. तिथल्या बाजारात तिला नावच पडलं होतं 'ऊमरा'. उमरावती, म्हणजे आपली अमरावती. आपल्या गावाच्या नावाने परदेशात मालाची जात ओळखली जायची, हे मला अजूनही भारी वाटतं.

पण या रुईबद्दल तक्रारीही तितक्याच होत्या. गाठीत सरकी निघते, माती निघते, वजन वाढावं म्हणून रुई ओली केलेली असते. आता हे बघा, इथे तक्रार करणारं गिऱ्हाईक कोण? मँचेस्टरचा गिरणीवाला. मग काय झालं? मुंबई इलाख्यात १८६३ ला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच आला, रुई तपासायला निरीक्षक आले. मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस कमिशनर बसवला. १८८६ ला कारंजा लाडला सरकारी हुकमाने नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. १८९७ ला वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. तेव्हा कोणी गिरणीवाल्याला म्हटलं नाही की साहेब, तुम्ही उगाच बदनामी करता.

आता त्या १८९७ च्या कायद्यातली एक गंमत. बाजार समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती. कास्तकाराचा प्रतिनिधी? नाही. ज्याच्या वावरातून माल येतो, त्याला मापात मारलं तर सांगायला त्या टेबलावर खुर्चीच नव्हती. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशननेही या गोष्टीवर बोट ठेवलं.

तेव्हा कास्तकार विकणारा होता. पुढे तो गिऱ्हाईक झाला, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आजोबांच्या काळात पऱ्हाटीचं बियाणं घरचं असायचं. सरकी राखून ठेवायची, पुढच्या मृगाला तीच पेरायची. १९७० ला गुजरातेत एच-४ हा कापसाचा पहिला व्यापारी संकर आला. संकरित बियाणं दर वर्षी नवीन घ्यावं लागतं. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली, जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतलं ते तंत्रज्ञान. दहा वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी पसरलं. सुरुवातीला साडेचारशे ग्रॅमची थैली सोळाशे रुपयांच्या आसपास होती. २००६ ला आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, मग भाव साडेसातशेवर आला. तक्रार करणारं गिऱ्हाईक राज्य सरकार असलं की ऐकू येतं, हे लक्षात ठेवा.

आता यवतमाळ जिल्ह्यात चला. जुन्या वऱ्हाडचे चार जिल्हे, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ, त्यातला हा चौथा. ३१ ऑगस्ट २००८ ला 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत पूर्ण पानाची बातमी आली. भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावं बीटीमुळे कशी सुखी झाली, आणि या गावांत एकही आत्महत्या कशी झाली नाही, असं तिच्यात होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की यवतमाळचा दौरा महिको मोन्सॅन्टोने आयोजित केला होता. बारीक का असेना, सांगितलं होतं, एवढं श्रेय द्यायला हवं.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, तोच मजकूर त्याच पेपरात परत आला. या वेळी जाहिरात म्हणून. बातमीचीच जाहिरात झाली होती, आणि २००८ चं गाव २०११ मध्ये जसंच्या तसं सुखी दिसत होतं. त्याच महिन्यात जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचं विधेयक संसदेत मांडायचं राहून गेलं होतं.

मार्च २०१२ ला बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालची संसदेची कृषी स्थायी समिती भांबराजात आली. आणि गावकरी बोलले. आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या, बहुतेक बीटी आल्यानंतरच्या, असं त्यांनी समितीला सांगितलं. जमिनी पडीक आहेत, शेतीवरचा विश्वास उडालाय, हेही सांगितलं. पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त हे सगळं लिहिलं. त्यांच्या पेपरला २००३ ते २००९ दरम्यानच्या नऊ आत्महत्यांची खात्री करता आली. चौदा आणि नऊ यात फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. पण जाहिरातीतला आकडा शून्य होता.

कंपनीचं म्हणणंही सांगतो. २००८ चा मजकूर पेपरचा स्वतःचा होता आणि २०११ मध्ये तोच, न बदलता, पुन्हा छापला, असं त्यांचं उत्तर होतं. पण मला खुपतं ते वेगळंच. गावकऱ्यांचं तोंड कोणी बंद केलं नव्हतं. त्यांच्या नावाने दुसराच कोणीतरी बोलत होता, आणि तो पूर्ण पान भरून बोलत होता. त्या पानाखाली गावाचा आवाज दाबायला वेगळं काही करावंच लागलं नाही. खोटे पाच स्टार वर चढवले की खालचा एक स्टार कोण वाचतो?

त्याच काळात कंपनीच्या दुसऱ्या जाहिरातींमध्ये दावा होता की बोलगार्डमुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न ३१,५०० कोटींनी वाढलं. त्यावर गुजरातेतल्या एका कार्यकर्त्याने जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार केली. परिषदेने म्हटलं, काही दाव्यांना पुरावा नाही.

२०१२ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात निकाल दिला की बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? बियाणं विकणारे कोर्टात हेच नाकारत होते ना! त्यांचा दुसरा मुद्दा तर ऐकण्यासारखा आहे: बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते खराब आहे हे ठरतच नाही. अहो, पण नमुना आहे कुठे? कास्तकाराने थैली फोडली आणि सगळं वावरात टोबलं. उगवलं नाही हे कळतं तेव्हा हातात उरते रिकामी थैली. कोर्टाने हे मान्य केलं, की पुढे भांडण होईल म्हणून शेतकऱ्याने बियाणं बाजूला काढून ठेवावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

टीका दाबायची ही दुसरी रीत. कोणी गप्प बस म्हणत नाही, फक्त पुरावा असा मागतात जो असूच शकत नाही.

आणि तिसरी रीत म्हणजे चूक गिऱ्हाइकाची. २०१० मध्ये मोन्सॅन्टोने जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला जुमानत नाही. कारणांमध्ये सांगितलं की शेतकरी कडेने बिगर-बीटी ओळी पुरेशा लावत नाहीत. खोटं नव्हतं ते. थैलीसोबतचं ते छोटं पाकीट आपल्याकडेही कितीतरी जणांनी बांधावर फेकलंय, किंवा पेरलंच नाही. पण पाच एकरवाल्याने वावराच्या चारही बाजूंना अळीसाठी ओळी सोडायच्या, हा हिशोब विकताना काउंटरवर किती जणांना समजावला होता? २०१७ ला अकोला, अमरावती, यवतमाळात बोंडं फोडली की आत अळी निघत होती, तेव्हा दोन पिढ्यांची बीटी निकामी झालेली होती.

शहरात हीच गोष्ट कोर्टाच्या मार्गाने घडते. 'बिअर्डेड चोकरा' नावाच्या यूट्यूब चॅनेलने पॅराशूट खोबरेल तेलावर टीका करणारा व्हिडिओ टाकला. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये न्यायमूर्ती काथावाला यांनी व्हिडिओ काढायला सांगितला, लोकांवर प्रभाव असणाऱ्यांची जबाबदारी जास्त असते असंही म्हटलं. फेब्रुवारीत खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. यात माझं मत सांगतो: चुकीची माहिती असेल तर ती खोडायचा कंपनीला हक्क आहेच. पण एका माणसाच्या मोबाईलवरच्या व्हिडिओसमोर वकिलांची फौज उभी राहिली की पुढचे दहा जण बोलायच्या आधीच गप्प होतात, आणि ते दहा जण कुठल्याच निकालात दिसत नाहीत.

नियम आता आहेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही आलं: पैसे देऊन लिहून घेतलेला रिव्ह्यू तसा सांगावा, वाईट म्हणून रिव्ह्यू दाबू नये. फक्त आलं तेव्हा ते ऐच्छिक होतं.

आणि बियाण्याच्या थैलीला स्टार नसतातच. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर ओरड झाली, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाही पंचनाम्याला आलेल्यांनी पहिल्यांदा मागितलं ते बिल आणि थैलीवरचा टॅग. तेव्हा यंदा घरी बियाणं आलं की बाबांना न विचारता बिलाचा, थैलीचा आणि लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, आणि पोच घ्यायची.