'सीन' म्हणजे काय?



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक, वकील, डॉक्टर अशी विद्वान मंडळी बोलून गेली. मी त्यांच्यापैकी नव्हे. माझे आईवडील ऊस तोडावयास जात. दिवाळीच्या सुमारास माझी शाळा सुटे ती थेट पाडव्यापर्यंत. तेव्हा सातवीच्या पुढे मजल गेली नाही. पुढे जे थोडेफार वाचता आले ते चळवळीच्या कामाने शिकविले. चालकांनी इतिहासावर बोला असे सांगितले, तेव्हा राजेरजवाड्यांचा विषय न घेता मी एका शब्दाचा विषय घेतला. शब्द इंग्रजी आहे आणि अगदी साधा आहे. 'सी' म्हणजे पाहणे. त्याचेच रूप 'सीन', म्हणजे पाहिले.

हा शब्द मला पुस्तकात भेटला नाही, एका अर्जावर भेटला. त्याला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. आमच्या भागातील एका तोडणी कामगाराचा पाय उसाच्या गाडीच्या चाकाखाली सापडून निकामी झाला होता. मदतीसाठी मी अर्ज लिहिला आणि एका कचेरीत नेला. ती कचेरी कोणती हे सांगण्याचे आज कारण नाही. साहेबांनी अर्ज चाळला, माझ्याजवळच्या प्रतीच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि खाली सही केली. मला वाटले, काम झाले. त्याच पावली त्या माणसाच्या घरी जाऊन मी सांगितले, 'अर्ज मंजूर झाला.' घरची माणसे दोन महिने पैशाची वाट पाहत राहिली. अखेर एका निवृत्त गुरुजींना तो कागद दाखविला. ते म्हणाले, "अरे, यावर 'सीन' लिहिलंय. म्हणजे पाहिलं. मंजूर केलं असं कुठं लिहिलंय?"

मी खाली मान घालून परत त्या घरी गेलो. जखमी माणसाच्या बायकोने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "पाह्यलं ना सायबानं?" मी म्हटले, "पाह्यलं." ती म्हणाली, "मग पाहून काय केलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या आठवड्यात मी नगरला जाऊन एक जुना इंग्रजी-मराठी कोश विकत घेतला आणि 'सी' हा शब्द काढला. पानभर अर्थ होते. इंग्रज 'आय सी' म्हणतो तेव्हा त्याला 'समजले' असे म्हणावयाचे असते. तो डॉक्टरला 'सी' करतो म्हणजे भेटून प्रकृती दाखवितो. पाहुण्याला 'सी ऑफ' करणे म्हणजे गाडीपर्यंत पोचविणे. एखाद्या कामाला 'सी टू' केले म्हणजे त्याची तजवीज लावली. एखाद्याला 'सी थ्रू' केले म्हणजे त्याचे ढोंग ओळखले. पण एखादे काम 'सी थ्रू' केले म्हणजे ते शेवटास नेले. शब्द एक, त्यात समजणे आहे, भेटणे आहे, काळजी घेणे आहे आणि तडीस नेणेही आहे.

मग मी आपल्या मराठीकडे वळलो, तर आपली श्रीमंतीही कमी नाही असे दिसले. आपण वाट पाहतो, मुलगी पाहतो, दुखणे अंगावर काढून पाहतो. चव घेऊन पाहतो, वास घेऊन पाहतो, इतकेच काय, ऐकूनसुद्धा पाहतो! म्हाताऱ्या आईला मुलगा पाहत नाही म्हणजे सांभाळत नाही. 'तुला बघून घेईन' ही धमकी झाली. आणि टेबलामागून नुसते 'बघू' असा शब्द आला की शहाण्या माणसाने पिशवी उचलून घरची वाट धरावी. तात्पर्य, पाहणे या क्रियेत डोळा थोडा आणि पाहणाऱ्याचे मन फार. कोण पाहतो, कुठून पाहतो आणि पाहून काय करतो, यावर त्या शब्दाचा अर्थ ठरतो. याचा इतिहास आपल्याच मुलखात आहे.

आपल्याकडे राज्यकर्त्याच्या पाहण्याला जुना शब्द आहे, 'पाहणी'. नगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याने जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत या भागात बसविली, असे इतिहासकार सांगतात. पुढे मराठी राज्यातही गावोगाव पाहणी होई, तिचा कागद लिहिला जाई आणि त्यावर वसूल ठरे. पीक रुपयात किती आणे आले, हे डोळ्याने अजमावून आणेवारी ठरे. आता एक गंमत सांगतो. सरकारला भेटताना 'नजराणा' देण्याचा रिवाज होता. साहेबाची नजर आपल्यावर पडावी म्हणून द्यावयाचा तो नजराणा, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. ते चूक. नजराण्यातील मूळ अरबी शब्द नवस किंवा भेट या अर्थाचा आहे. डोळ्याची नजर निराळी. मराठीत येताना दोन्हींचा उच्चार एक झाला. आणि ज्याच्या हाती नजराणा त्याच्याकडेच नजर वळते, हा अनुभव असल्यामुळे लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही.

मग इंग्रज आला. त्याच्याबरोबर पाहण्याचे तीन नवे शब्द आले. एक 'सर्व्हे', दुसरा 'ओव्हरसिअर', तिसरा 'सुपरवायझर'. कोश उघडला तर हे तिन्ही सख्खे भाऊ निघतात. ओव्हरसिअर हा अस्सल इंग्रजी, सर्व्हे हा फ्रेंचांकडून आलेला, सुपरवायझर लॅटिनमधून घेतलेला. परंतु तिघांचा अर्थ एकच, वरून पाहणारा, वरून पाहणे. यातील लॅटिन धातू आणि आपल्या 'वेद', 'विद्या' या शब्दांतील 'विद्' हा धातू एकाच मुळाचे आहेत. आपल्याकडे पाहण्यातून ज्ञान निघाले. तिकडे ज्ञान निघालेच, पण मुकादमीही निघाली!

१८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून तीस वर्षांच्या मुदतीचा सारा बसविला. हीच पद्धत पुढे दख्खनभर पसरली. तीस वर्षांनी फेरमोजणी झाली आणि सारा पुष्कळ वाढला. त्याच सुमारास, १८६५ साली, अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले. वरून पाहणाऱ्याला जमिनीचा तुकडा दिसला. तो कसणारा सावकाराच्या वहीत किती बुडाला आहे, हे दिसले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. हे लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आले. त्या रोख्यांवर शेतकऱ्यांचे अंगठे होते. कागद त्यांनी पाहिले होते, पण वाचले नव्हते. पाहणे आणि वाचणे यांत किती अंतर असते, हे माझ्या 'सीन'वाल्या कागदाने मलाही शिकविले होते, म्हणून त्या लोकांचा राग मला समजतो. १८७९च्या कायद्याने शेतकऱ्याचे दस्त सरकारी नोंदणीदाराच्या देखरेखीखाली लिहिले जावेत असे ठरले. म्हणजे पुन्हा एक पाहणारा आला, पण तो निदान कर्जदाराच्या बाजूने पाहणारा होता. आणि योगायोग असा की पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली, ती याच १८७५ साली. आपण आज ज्या परंपरेत बसलो आहोत ती आणि सुप्याची होळी, एकाच वर्षाच्या.

पाहण्याच्या घराण्यातील आणखी एक शब्द कामगारांच्या रोजच्या तोंडात आहे, 'प्रॉव्हिडंट फंड'. त्याच लॅटिन धातूपासून तो आला आहे. त्याचा अर्थ पुढचे पाहून ठेवणे. कर्जबाजारी शेतकरी पुढचे पाहत नाही, लग्नात उधळतो, असा दोष त्या काळचे अधिकारी त्याला नेहमी देत. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला आणि पुढचे पाहण्याचे काम मालकाने आणि कामगाराने मिळून करावयाचे, हे तत्त्व देशात आले. मात्र आमच्या कोयत्यापर्यंत तो फंड आलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता 'इन्स्पेक्टर'. याच्या पोटातील धातू आणि संस्कृतातील 'पश्यति' यांचे नाते विद्वान मान्य करतात. आत डोकावून पाहणारा तो इन्स्पेक्टर. इंग्लंडात १८३३च्या कायद्याने कारखान्यांवर चार निरीक्षक नेमले गेले. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता आणि मुख्यतः मुलांपुरता होता. तो अपुरा आहे हे सरकारला दाखवून दिले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सादर केला. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्यातील मागण्या. रविवारची सुटी मिळण्यास जून १८९० उजाडले. सहा वर्षे! त्या अर्जावरही कोणी पाहिल्याची खूण केलीच असेल. परंतु लोखंडे पाहिल्याच्या खुणेवर थांबले नाहीत, हा त्यांच्यात आणि त्या वेळच्या माझ्यात फरक.

आता मी मुद्द्याच्या जागी आलो. इंग्रजीत 'ओव्हरसाइट' म्हणून एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ देखरेख आणि दुसरा अर्थ नजरचूक. एकाच शब्दात लक्ष आणि दुर्लक्ष! हे वाचून मी प्रथम हसलो. मग आपल्या महसुली कागदातील एक शब्द आठवला. खरिपाची पहिली पैसेवारी जाहीर होते तिला 'नजरअंदाज पैसेवारी' म्हणतात, म्हणजे डोळ्याने केलेला अंदाज. आणि हिंदीत 'नजरअंदाज करना' म्हणजे काय? दुर्लक्ष करणे. पाथर्डीच्या शेतकऱ्याने या शब्दाचे दोन्ही अर्थ भोगले आहेत. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तर टंचाईची सवलत, वर गेली तर नाही, असा नियम दीर्घकाळ होता. एका पैशाच्या फरकात गावाचे वर्ष फिरे.

आपला तालुका पर्जन्यछायेचा. त्याच जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाणी तिकडे गेले आणि हात इकडून गेले. १९७२च्या दुष्काळात माझ्या आईने खडी फोडली, तेव्हा मी तिच्या पाठीशी झोळीत होतो. ओव्हरसिअर हा शब्द आईच्या तोंडून मी इतका ऐकला की तो मराठीच वाटे. त्या कामावर निदान मस्टर होते. त्यात तिचे नाव होते. उसाच्या फडात तेवढेही नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत इन्स्पेक्टरचा डोळा पोचतो. फड फाटकाबाहेर आहे. मजूर मुकादमाचा, मुकादम उचल देणार, आणि हिशेब 'कोयत्या'चा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन माणसे. पहाटे चारला ऊस तोडणारी, मोळ्या बांधणारी, डोक्यावरून गाडीत भरणारी ती बाई हिशेबात कुठे आहे? ती अर्धा कोयता आहे. दोघे समोर उभे असताना पाहणाऱ्याला एक दिसतो, असा हा चमत्कार.

अशी न पाहिलेली माणसे किती सोसतात, हे २०१९ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. शासनाच्या समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. ती पाहणी होईपर्यंत त्या आपल्याच रस्त्यांवरून दरवर्षी जात होत्या, येत होत्या. दृष्टीआड सृष्टी असे आपण म्हणतो. ही तर डोळ्यांदेखतची सृष्टी.

सगळा अंधारच आहे असे मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या फोनवरून करू लागला. त्या यंत्राच्या अडचणी पुष्कळ आहेत, त्या आपण जाणता. पण पाहणारा बदलला, ही गोष्ट लहान नव्हे. ज्याचे पीक, त्याचा डोळा. त्यावरून आम्ही आमच्या संघटनेत एक वही सुरू केली आहे. हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक कोयत्याच्या त्या वहीत दोन ओळी असतात. एका ओळीत नवऱ्याचे नाव, दुसऱ्या ओळीत बायकोचे. उचल किती, गाव कोणते, मुले किती आणि ती कोणाजवळ ठेवली. प्रथम पुरुष मंडळी म्हणत, एकच ओळ पुरे. आता बायकाच येऊन विचारतात, 'माझी ओळ लिहिली का?'

सध्या हंगाम संपून माणसे परत आली आहेत. आज या सभेत मागच्या बाजूला काही उभी आहेत, ती मी पाहतो आहे. दसरा झाला की याच पेठेतून त्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर पुन्हा निघतील. वर बिऱ्हाड, शेळी, कोंबडी आणि पोरे. त्या वेळी आपण दुकानाच्या फळीवरून त्यांच्याकडे पाहाल, एवढीच माझी विनंती नाही. कोणाचे मूल शाळेतून गळते आहे, ते मागे ठेवून घेता येईल का, हे पाहा. कोणाची उचल कोऱ्या कागदावर आहे, तो कागद त्यांना वाचून दाखवा. येथे वकील आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. प्रत्येकाला पाहण्यासारखे काही ना काही आहे.

त्या जखमी माणसाला मदत मिळाली नाही. अर्ज पुन्हा केला, तोपर्यंत मुदत गेली होती. तो आता हयात नाही. त्याची बायको आहे, आणि भेटली की अजूनही मला चहा पाजते. पण तिचा प्रश्न मी विसरलो नाही, आणि कोणत्याही अर्जावर 'सीन' असा शब्द दिसला की तिच्याच शब्दांत मी तो साहेबाला विचारतो. आज तोच प्रश्न आपणापुढे ठेवून मी आपली रजा घेतो : पाह्यलं, मग पाहून काय केलं?