वन्समोअर आत्ताच मागा

हेडफोन चढवा. व्हायोलिनं अंगावर धावून आली की डोळे मिटा. तारीख 4 फेब्रुवारी 1730, गाव रोम, दिवस कार्निव्हलचे.

तुम्ही तेआत्रो देल्ले दामे या नाटकगृहात दाटीवाटीनं बसला आहात. मेणबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरताहेत. शेजारचा पाद्री हातातल्या मेणवातीच्या उजेडात कवी मेतास्तासिओची संहिता ओळीवर बोट ठेवून वाचतोय. पानावर मेणाचे थेंब सांडलेत, त्याचं लक्ष नाही. रंगमंचावर बाई एकही नाही. पोपच्या रोममध्ये बायकांना तिथे बंदी आहे, म्हणून राजकन्या मांदाने झालाय जाचिंतो फोंताना. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या तुम्हाला याचं नवल वाटायला नको.

लेओनार्दो विंचीच्या (चित्रकार नव्हे, हा नेपल्सचा संगीतकार) ‘आर्तासेर्से’ या ऑपेराचा पहिला अंक संपत आलाय. नायक आर्बाचेच्या बापानं राजाचा खून केला आणि रक्तानं माखलेली तलवार पोराच्या हातात दिली. बापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून पोरगा गप्प. मित्रानं, प्रेयसीनं पाठ फिरवलीय. एकटा उरलेला आर्बाचे आता खवळलेल्या समुद्राची आरिया, म्हणजे एकट्यानं गायचं गाणं, गाणार आहे.

आर्बाचे होऊन समोर उभा आहे जोव्हान्नी कारेस्तिनी, कास्त्राटो. वयात येण्याआधीच शस्त्रक्रिया झालेली; स्वरतंतू पोरवयाचेच राहिले, छाती मात्र पुरुषाची झाली.

पण कानात त्याचा आवाज नाही. तिथे आहे अर्जेंटिनाचा फ्रांको फाजिओली, दिएगो फासोलिसच्या संचालनाखालचं, 2012 साली प्रकाशित झालेलं ध्वनिमुद्रण. रोमसारखेच सगळे पुरुष: पाच काउंटरटेनर, एक टेनर. काउंटरटेनरवर कुठलीही शस्त्रक्रिया झालेली नसते. पूर्ण वाढलेल्या पुरुषाचाच गळा, फॉल्सेटोत, म्हणजे वरच्या पातळ आवाजात, तयार केलेला. त्याला कास्त्राटोची बदली समजायची पद्धत आहे. मला ती मुळीच पटत नाही.

का, ते तिसऱ्या भागात ऐका. आरियाचा पहिला भाग झाला, मधला वेगळा भाग झाला, आता पहिला पुन्हा येतो. इथे गायकानं मूळ चाल आपल्या हरकतींनी सजवायची असते. त्या हरकती विंचीनं लिहून ठेवलेल्या नाहीत. फाजिओली तानेवर तान टाकत वर चढतो आणि एकदम खाली, छातीच्या स्वरात उडी घेतो. खालचा तो सूर सरळसरळ पुरुषी आहे. ही जागा त्याची स्वतःची, कारेस्तिनीकडून उसनी आणलेली नव्हे.

अंकाचा पडदा पडतोय. वन्समोअर हवा असेल तर आत्ताच ओरडा. 21 फेब्रुवारीला पोप तेरावे बेनेडिक्ट वारतील आणि रोमच्या नाटकगृहांना कुलपं लागतील. मे महिन्यात विंचीही जाईल.