तापलेली जमीन पाऊस आणत नाही

विदर्भात मेच्या अखेरीस नवतपा लागतो. सूर्य रोहिणीत शिरतो, चंद्रपूर-नागपूरकडे उन्हानं जीव नकोसा होतो आणि तशातही माणसं एकमेकांना धीर देतात: नवतपा कडक गेला ना, मग पाऊस चांगलाच होणार. ही समजूत फक्त पारावरची नाही. शाळेतल्या भूगोलानंही तिला शास्त्राचा आधार पुरवला आहे. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, कमी दाब तयार होतो आणि बाष्पानं भरलेली सागरी हवा ती जागा भरायला धावते. थोडक्यात, मॉन्सून म्हणजे कोकणात दुपारी सुटणारा खारा वाराच, फक्त खंडाएवढा.

हा पूर्वपक्ष कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही. एडमंड हॅलीनं, म्हणजे धूमकेतूवाल्या हॅलीनंच, तो १६८६ मध्ये मांडला. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडलीनं त्यात पृथ्वीच्या परिवलनाची भर घातली. इतकं टिकलेलं मत केवळ जुनं म्हणून मोडीत काढता येत नाही. त्याला आपल्याकडची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावावी: कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, कारण नसेल तिथे दिसता कामा नये.

आधी काळ पाहू. नागपूरचं सरासरी कमाल तापमान मेमध्ये ४२-४३ अंशांच्या घरात असतं, जुलैत ते ३१-३२ वर येतं. मग धो धो पाऊस जुलैत का? कारण जोरावर असताना कार्य गायब आणि कारण ओसरल्यावर कार्य ऐन भरात, हे विचित्रच. आता स्थळ. सगळ्यात जास्त तापतं ते थरचं वाळवंट, आणि पावसात फार मागे तेच. उरलं साल. २००२ च्या जुलैत देशभर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. जमीन आठवडेच्या आठवडे तापत राहिली, पेरण्या करपल्या. त्या तापण्यानं ढग ओढून आणले नाहीत. दुष्काळी साल सहसा जास्त तापतं, कारण ढग नसतात आणि ओलही नसते. म्हणजे कार्यकारणाचा बाण इथे उलटाच फिरतो.

हे आक्षेप माझे नाहीत, नवेही नाहीत. भारतीय हवामान खात्यात काम केलेल्या जॉर्ज सिम्पसननं ते १९२१ मध्येच छापले होते. (हाच माणूस स्कॉटच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकावर हवामान मोजत होता, ताप आणि थंडी दोन्ही त्यानं जवळून पाहिली.) शंभर वर्षं उलटून गेली, तरी पाठ्यपुस्तकात खारा वारा वाहतोच आहे. सोपं करून सांगावं लागतं, असा बचाव होतो. पण सहावीतल्या मुलापुढे नागपूरचं मे आणि जुलैचं तापमान आणि पाऊस शेजारीशेजारी मांडले, तर पहिली शंका तेच काढेल.

मग मॉन्सून आहे तरी काय? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले डी. आर. सिक्का आणि बंगळूरच्या सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहाची छायाचित्रं रोजच्या रोज तपासली आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्ही गोलार्धांतले वारे जिथे भेटतात, तिथे विषुववृत्ताच्या आसपास ढगांचा एक पट्टा पृथ्वीभर असतो. सूर्यामागोमाग तो उत्तरेला सरकतो आणि आपल्याकडे थेट गंगेच्या मैदानापर्यंत चढतो. तो चढलेला काळ म्हणजे आपला पावसाळा. गंमत अशी, की विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्रावर त्याच वेळी ढगांचा दुसरा पट्टा टपलेला असतो. तो जोर धरतो तेव्हा आपल्याकडचा दुबळा पडतो आणि पाऊस ओढ देतो. दोन ते सहा आठवड्यांनी समुद्रावरचे ढग उत्तरेकडे सरकतात, जमिनीवरच्या पट्ट्यात पुन्हा जीव येतो.

या यंत्राचं इंधन जमिनीची धग नव्हे, वाफेत दडलेली उष्णता आहे. हिशेब घरच्या घरी करता येतो. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. दिवसभरात १० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला दहा किलो पाणी, म्हणजेच सरासरी जवळजवळ २९० वॅट. जणू वरच्या हवेत दर चौरस मीटरला जुन्या पद्धतीचे तीन शंभरी बल्ब रात्रंदिवस जळताहेत. ही उष्णता हवा वर लोटते, त्यानं आणखी बाष्प आत खेचलं जातं. वर गेलेली हवा कुठे तरी उतरायला हवीच. तिच्यामुळे वायव्येकडे कोरडी हवा खाली दाबली जाते. थरवरचा कमी दाब उथळ राहतो तो या झाकणामुळे. थरच्या कोरडेपणात आपल्या पावसाचाही हात आहे!

जाणकार पूर्वपक्षी इथे म्हणेल, जमिनीचं सोडा, पण वरच्या थरांत उत्तरेकडची हवा दक्षिणेपेक्षा उबदार असते, तिबेटचं पठार तापतं, त्याचं काय? ती ऊब बरीचशी पावसानंच सोडलेली आहे. तिलाच पावसाचं कारण ठरवणं म्हणजे चक्रक दोष. तिबेटपुरतं बोलायचं, तर २०१० मध्ये बूस आणि कुआंग या संशोधकांनी संगणकी प्रारूपातून पठार पुसून टाकलं, फक्त हिमालयाची भिंत ठेवली. भारतावरचा मॉन्सून जवळपास तसाच राहिला. उत्तरेची थंड, कोरडी हवा अडवणं, हे भिंतीचं मोठं काम.

समुद्रही नुसता पाणी पुरवत बसत नाही. मोठे ढग सहसा २८ अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यावरच वाढतात. सोमालियाच्या किनाऱ्यावरून आपल्याकडे येणारा मॉन्सूनचा वारा मात्र तिथलं खालचं गार पाणी वर आणतो, त्यासोबत पोषकद्रव्यं येतात, वनस्पती-प्लवकांचं पीक येतं, आणि अरबी समुद्राचा पश्चिम भाग गारठतो. वारा असा स्वतःचाच समुद्र बदलतो. पुढे त्याच वाऱ्याला सह्याद्री आडवा येतो: महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, घाट उतरून वाईला हजाराच्या आत.

हॅलीच्या पदरात काहीच पडत नाही, असं मात्र नाही. उत्तरेला तापणारं खंड नसतं, तर ढगांचा पट्टा समुद्रावर रेंगाळतो तसा इथेही विषुववृत्ताजवळच रेंगाळला असता. उन्हाळ्यातल्या तापण्यानं त्याला पंचवीस अक्षांशापर्यंत चढायला वाव मिळतो. मात्र त्या चढाईत मृगाला किती पडेल आणि श्रावणात किती ओढ बसेल, याचा हिशेब मेच्या पाऱ्यात सापडत नाही.