स्पेनची यादवी : स्मरणाचा कायदा आणि स्मरणाचा धर्म

एकाच राष्ट्रातील लोकांनी परस्परांवर शस्त्र धरले, तर त्या युद्धास आपल्या भाषेत ‘यादवी’ म्हणतात. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढून नष्ट झाले, त्या कथेवरून हा शब्द रूढ झाला. अशा युद्धात जय कोणाचाच होत नाही, हा निवाडा भाषेने नाव देतानाच करून ठेवला आहे. महाभारतकार मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेस येतो आणि पडलेल्या सर्व यादवांची उत्तरक्रिया वडीलधाकुटेपणाच्या क्रमाने करतो. कोण कोणत्या बाजूने लढला, याची चौकशी तो करीत नाही. विसाव्या शतकात स्पेन देशात जी यादवी झाली, तिचा विचार करताना हा प्रसंग मला वारंवार आठवतो. कारण त्या देशात युद्ध तीन वर्षांतच संपले, परंतु उत्तरक्रिया अद्याप पुरी झालेली नाही.

१९३६ च्या फेब्रुवारीत झालेल्या निवडणुकीत स्पेनमधील डाव्या पक्षांच्या आघाडीस बहुमत मिळाले. त्याच वर्षी १७ जुलै रोजी मोरोक्कोतील स्पॅनिश सेनेने या लोकनियुक्त सरकारविरुद्ध बंड पुकारले. बंडवाल्यांच्या मदतीस हिटलर आणि मुसोलिनी धावले; सरकारास रशियाची मदत मिळाली; इंग्लंड व फ्रान्स यांनी तटस्थतेचे धोरण पत्करले. १ एप्रिल १९३९ रोजी जनरल फ्रँको याने आपला विजय जाहीर केला आणि १९७५ साली मृत्यू येईपर्यंत सत्ता सोडली नाही. या संग्रामात सुमारे पाच लक्ष माणसे प्राणास मुकली, असा इतिहासकारांचा अदमास आहे.

हे सारे सातासमुद्रांपलीकडचे असे कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्राशी आणि गोमंतकाशी त्याचे धागे पुष्कळ जवळचे आहेत. पहिला धागा नागपूरचा. गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. १९३१ साली क्रांतिकार्यासाठी द्रव्य मिळवण्याच्या हेतूने झालेल्या बालाघाटच्या दरोडा प्रकरणात त्यांना कारावास घडला. सुटकेनंतर वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले आणि तेथून १९३७ मध्ये आंतरराष्ट्रीय तुकड्यांत दाखल होऊन स्पेनच्या रणांगणावर उतरले. या तुकड्यांत पन्नासांहून अधिक देशांतील सुमारे पस्तीस हजार माणसे लढली. ब्रिटिश पलटणीस नाव होते शापुरजी सकलातवाला यांचे. मुंबईत जन्मलेले हे पारशी गृहस्थ ब्रिटिश पार्लमेंटात कम्युनिस्ट सभासद म्हणून गाजले होते. हुद्दारांनी आपले नाव सांगितले ‘जॉन स्मिथ’. १९३८ च्या एप्रिलमध्ये गांदेसाच्या परिसरातील माघारीत ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि बुर्गोस शहराजवळील सान पेद्रो दे कार्देन्या या मठात बंदिवान झाले.

हा मठ आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्पॅनिश वीरकाव्याचा नायक एल सिद याच्या अस्थी शतकानुशतके येथे होत्या. ज्या भिंतींआड संन्यस्त जनांनी प्रार्थना करावी, तेथे कैद्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. हुद्दार त्याच वर्षी सुटले व डिसेंबरात स्वदेशी परतले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. ज्या मनुष्याचे पूर्वायुष्य एका गोटास अडचणीचे वाटते आणि उत्तरायुष्य दुसऱ्या गोटास, त्याचे चरित्र सांगण्यास पुढे येणार कोण? मराठी मनुष्य स्पेनच्या रणात लढला, ही गोष्ट मराठी शाळकरी मुलास आजही ठाऊक नसते.

दुसरा धागा सोलापूरचा. स्पेनमध्ये जखमींची शुश्रूषा करून आलेले डॉ. अटल हे १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले. त्याच पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी स्पेनमध्ये आघाडीवरील जखमींपर्यंत साठवलेले रक्त पोहोचवण्याची व्यवस्था उभारली होती. चीनमध्ये १९३९ साली त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा पुढे कोटणीसांनी वाहिली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस तेथेच निवर्तले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला, सोलापुरात त्यांचे स्मारक झाले. जखमा बांधणाऱ्याचे स्मरण सर्वांना सुकर असते. शस्त्र धरणाऱ्याचे तसे नसते. स्पेनची अडचण नेमकी हीच आहे.

तिसरा धागा तर आम्हा दुधनी-सिल्वासाकडील लोकांच्या अंगणातूनच जातो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने आरंभापासून फ्रँकोची पाठराखण केली. ‘विरियातुश’ या नावाने ओळखले जाणारे हजारो पोर्तुगीज फ्रँकोच्या बाजूने लढले. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बादाहोस शहर पडले, तेव्हा सीमा ओलांडून पोर्तुगालात आश्रयास आलेल्या कित्येकांना पकडून बंडवाल्यांच्या स्वाधीन करण्यात आले. १९३९ च्या मार्चमध्ये दोन्ही राजवटींनी मैत्रीचा करार केला. फ्रँको हरला असता, तर शेजारच्या सालाझारचे आसन स्थिर राहिले असते काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ते स्थिर राहिले, आणि त्याची झळ गोमंतकास १९६१ पर्यंत व नगर हवेलीस १९५४ पर्यंत लागली.

येथील मुक्तिसंग्रामाची रूपरेषा वाचकांस परिचित आहे. २१ जुलै १९५४ च्या रात्री दादरा, त्याच महिन्याच्या अखेरीस नरोली, आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्टला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो शरण आला. पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १७७९ च्या मराठे-पोर्तुगीज तहाचा कीस तेथे निघाला, आणि पेशव्यांनी दिले ते महसुलाचे उत्पन्न होते, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. ब्रिटिश व नंतरच्या काळातील वहिवाटीमुळे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता; सशस्त्र दलांस तो नव्हता; आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही, असा १२ एप्रिल १९६० चा निकाल आहे.

या संग्रामात एक गोष्ट अशी घडली की जी स्पेनमध्ये घडू शकली नाही. गोमंतकीय संयुक्त आघाडी, आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक आणि कम्युनिस्ट असे परस्परांशी न पटणारे सारे येथे एकाच राजवटीविरुद्ध उभे राहिले. हुद्दारांनी सोडलेला गोट आणि त्यांनी धरलेला गोट, दोन्ही फ्रँकोच्या मित्राशी लढण्यास या मातीवर आले. श्रेयाची वाटणी मात्र मागाहून सुरू झाली आणि प्रत्येक पक्षाच्या बखरीत इतरांची नावे बारीक होत गेली. यादवी शस्त्रानेच होते असे नाही. ती स्मरणातही होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विजयी फ्रँकोने स्मरणाचे काय केले? ९ फेब्रुवारी १९३९ रोजी त्याने राजकीय जबाबदारीचा कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९३४ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने, लागू केला. जे कृत्य घडले तेव्हा अपराध नव्हते, त्यास नंतर शिक्षा देण्यास आपल्या संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. तिची किंमत अशा उदाहरणांवरून कळते. याहून विपरीत म्हणजे, जे सरकारशी एकनिष्ठ राहिले त्यांनाच लष्करी बंडाच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या. बंड करणारे न्यायासनावर आणि बंड न करणारे आरोपीच्या पिंजऱ्यात, असा हा उफराटा न्याय होता.

स्मारकांचीही तीच कथा. गावोगावच्या चर्चच्या भिंतींवर ‘देवासाठी आणि स्पेनसाठी पडलेले’ अशा मथळ्याखाली विजयी पक्षाच्या मृतांची नावे कोरली गेली. पराभूतांपैकी हजारोंना रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरले होते; त्यांची नावे उच्चारणेही धोक्याचे होते. कवी लोर्का याला १९३६ च्या ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ ठार मारण्यात आले. त्याचा देह अजून सापडलेला नाही. माद्रिदजवळच्या डोंगरात १९५९ साली पुऱ्या झालेल्या प्रचंड स्मारकात तेहतीस हजारांहून अधिक मृतांचे अवशेष ठेवले गेले. त्यांत पराभूत पक्षाचेही पुष्कळ होते, पण अनेकांच्या घरच्यांना न विचारता ते आणलेले. त्याच ठिकाणी पुढे फ्रँकोलाही पुरण्यात आले.

येथे दुसरी बाजू सांगितली नाही, तर तो वकिली युक्तिवाद होईल, इतिहास होणार नाही. सरकारच्या ताब्यातील मुलखात युद्धाच्या पहिल्या महिन्यांत चर्च जाळली गेली आणि सुमारे सहा हजार आठशे धर्मगुरू, साधू व जोगिणी यांची हत्या झाली. ज्यांच्या पूर्वजांनी देवालये उद्ध्वस्त झालेली पाहिली, त्या आपल्यासारख्या वाचकांस या आकड्याचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. त्या मृतांचे स्मरण झाले, यात अन्याय नाही. अन्याय झाला तो त्यांच्या स्मरणाने इतरांचे स्मरण निषिद्ध ठरले, यात.

फ्रँकोच्या मृत्यूनंतर स्पेनने १५ ऑक्टोबर १९७७ रोजी सर्वमाफीचा कायदा केला. कैदी सुटले, आणि त्याचबरोबर जुन्या राजवटीतील अत्याचारांच्या चौकशीचा मार्गही बंद झाला. सर्वमाफीला युरोपीय भाषांत जो शब्द आहे, त्याचा मूळ ग्रीक अर्थच ‘विस्मरण’ असा आहे. देशात पुन्हा रक्त सांडू नये म्हणून दोन्ही पक्षांनी हा सौदा पत्करला, आणि लोकशाही स्थिर झाली, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. आपल्या भाषेत मात्र क्षमा आणि विस्मृती हे दोन निराळे शब्द आहेत. क्षमा देणाऱ्याला, आपण कशाची क्षमा करीत आहोत, हे ठाऊक असावे लागते.

शेवटी नातवंडे उठली. २००० साली एमिलियो सिल्वा या पत्रकाराने आपल्या आजोबांच्या शोधासाठी एका खेड्याजवळचा खड्डा उकरविला. त्यात तेरा जणांचे अवशेष निघाले. २००७ साली ऐतिहासिक स्मृतीचा कायदा झाला. २००८ मध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी एक लक्ष चौदा हजारांहून अधिक बेपत्तांच्या प्रकरणाची चौकशी सुरू केली. सर्वमाफी असता ती सुरू केली म्हणून त्यांच्यावरच खटला झाला, आणि २०१२ साली त्या खटल्यातून ते निर्दोष सुटले. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रँकोचे अवशेष त्या डोंगरातील स्मारकातून हलवण्यात आले. २०२२ च्या नव्या कायद्याने बेपत्तांचा शोध हे शासनाचे कर्तव्य ठरविले. हे कायदे जखमा पुन्हा उकरतात, असा एका पक्षाचा आक्षेप आहे; जखम बुजलीच नव्हती, असे दुसऱ्याचे उत्तर आहे.

सात वर्षे ज्याची वार्ता नाही, तो मृत मानावा असे पुराव्याचा कायदा सांगतो. न्यायालयाला हे अनुमान पुरते. घराला पुरत नाही. आपल्या शास्त्रकारांनी हे ओळखले होते. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी पालाशविधी आहे. ज्याची तिथी अज्ञात त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आणि ज्याला कोणीच नातलग उरला नाही त्याच्यासाठीही तर्पणात ओंजळभर पाणी राखलेले आहे. स्त्रीपर्वात युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य आदींना आज्ञा करतो की रणात पडलेल्या सर्वांचे, परदेशांतून आलेल्या निराधारांचेही, दहन यथाविधी व्हावे. कौरवांची प्रेते त्यातून वगळली जात नाहीत. त्याच पर्वात कुंती कर्णाचे नाते उघड करते आणि शत्रू म्हणून ज्याला मारले त्याला पांडव वडील बंधू म्हणून तिलांजली देतात. विजयी राजाचे पहिले राजकर्तव्य व्यासांनी असे सांगितले आहे. फ्रँकोने ते केले नाही, म्हणून त्याच्या प्रजेला साठ वर्षांनी कुदळ हाती घ्यावी लागली.

आपल्या समाजाजवळ या बाबतीत स्वतःचा अनुभव आहे. सोळाव्या शतकात देव हलले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. मूळ गावाची नावे कोणत्याही कायद्यावाचून चारशे वर्षे कुळाकुळांत टिकली. ती देवाच्या उत्सवात टिकली, सूडाच्या प्रतिज्ञेत नव्हे. म्हणूनच त्या स्मृतीने समाज जगला.

तोच विवेक १९५४ च्या स्मरणात दिसावा, एवढे माझे सांगणे आहे. येथील देवस्थानांच्या व ग्रंथालयांच्या भिंतींवर मुक्तिसंग्रामाचा फलक लावायचा तर तो एका पक्षाचा नसावा. त्यात संयुक्त आघाडी, दल, संघ, कम्युनिस्ट ही सर्व नावे यावीत. वाटा दाखवणारे व निरोप पोहोचवणारे जे वारली, कोकणा, धोडिया होते, त्यांच्याकडील आठवणी दुधनी-खानवेलच्या पाड्यांवर जाऊन लिहून घ्याव्यात, कारण मधुबन धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनींबरोबर त्यांच्या खुणाही गेल्या आहेत. आणि दादऱ्याच्या चौकीत आपले कर्तव्य करीत मारला गेलेला पोर्तुगीज सेवेतील पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारिओ याचे नावही, आपल्या बाजूचे म्हणून नव्हे, तर त्या रात्री पडलेला मनुष्य म्हणून, नोंदले जावे. नागपुरानेही हुद्दारांचे नाव एखाद्या वाचनालयाच्या दारावर लिहावे. ते कोणत्या गोटाचे होते, हा वाद इतिहासकारांनी सावकाश चालवावा. तिलांजलीला त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.